मुंबईतल्या बागा, जंगल आणि खाडी फिरायची तर आधी वेळ ठरवा, जागा नंतर

दर थंडीत तेच होतं. कोणीतरी सोमवारी रजा टाकून बोरिवलीला जातं आणि नॅशनल पार्कचं गेट बंद. कोणी बुधवारी पोरांना घेऊन राणीच्या बागेत, तीही बंद. रविवारी शिवडीला फ्लेमिंगो बघायला निघावं तर हार्बरवर मेगाब्लॉक, आणि टॅक्सी करून पोचलं तर जेटीसमोर नुसतं पाणी, पक्षी एक नाही. मग घरी येऊन म्हणायचं की मुंबईत हिरवं काही उरलंच नाही. उरलंय हो, भरपूर उरलंय, एकट्या नॅशनल पार्कचं जंगल शंभर चौरस किलोमीटरच्या वर आहे. पण आपण जागा आधी ठरवतो आणि वेळ मग तिला चिकटवतो, सगळा घोळ तिथे होतो. म्हणून खाली जो क्रम दिलाय तो तसाच पाळा, मधली पायरी गाळू नका.

१. आधी वार बघा, मग रेल्वे

कुठे जायचं हे अजून ठरवायचं नाहीये. कुठल्या वारी सुट्टी मिळतेय तेवढं ठरवा आणि त्या वारी काय बंद असतं ते काढून टाका.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, म्हणजे आपलं नॅशनल पार्क, सोमवारी बंद. आतली कान्हेरी लेणीही सोमवारी बंद. राणीची बाग (भायखळ्याचं वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान) बुधवारी बंद, आणि तिच्या शेजारचं भाऊ दाजी लाड संग्रहालयही बुधवारीच, म्हणजे बाग बंद निघाली म्हणून म्युझियमला जाऊ हा बेतही फसतो. एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा, बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर बाग सहसा उघडी ठेवतात आणि मग दुसऱ्या दिवशी बंद. गुरुवारी जाऊन परत आलेले लोक याच्यामुळेच परत येतात.

महापालिकेच्या छोट्या बागांचं गणित वेगळं, त्यातल्या बऱ्याच दुपारी काही तास बंद असतात. बाराला डबा घेऊन बागेत बसू असं ठरवलं असेल तर त्या बागेचा फाटकावरचा बोर्ड आदल्या दिवशी कोणाकडून तरी बघून घ्या, किंवा सरळ सकाळी जा. ओव्हल, आझाद मैदान, शिवाजी पार्क यांना ही अडचण फारशी नाही, पण तिथे सावली फक्त कडेला, मध्ये क्रिकेट.

काही ठिकाणी नुसतं जाऊन उभं राहून चालत नाही. मलबार हिलचा कमला नेहरू पार्कजवळचा उन्नत निसर्गमार्ग (लाकडी पूल, झाडांच्या शेंड्यांमधून जाणारा, २०२५ ला उघडला तो) ऑनलाइन स्लॉट बुक करून जायचा, शनिवार-रविवारचे सकाळचे स्लॉट लवकर भरतात. गोरेगावला फिल्म सिटीच्या बाजूला बीएनएचएसचं (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं) निसर्ग केंद्र आहे, तिथेही आधी विचारून, नाव देऊन. ऐरोलीच्या खाडीतली फ्लेमिंगो बोट तर भरतीच्या वेळेप्रमाणेच सुटते, तिचं बुकिंग आधीच करावं लागतं.

आता रेल्वे. रविवारी मध्य आणि हार्बरवर बहुतेक वेळा सकाळी अकराच्या सुमारापासून दुपारी चारपर्यंत ब्लॉक असतो, पश्चिमवर जंबो ब्लॉक. शिवडी हार्बरवर, म्हणून तिला फटका जास्त. शनिवारी संध्याकाळपर्यंत रविवारचा ब्लॉक जाहीर झालेला असतो, एम-इंडिकेटर अ‍ॅपवर किंवा पेपरात दिसतो, तेवढं बघायला पाच मिनिटं लागतात.

तपासा: वार, त्या वारी बंद असलेल्या जागा, आणि ब्लॉक. हे तीन कागदावर लिहून झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. गूगल मॅपवरच्या "आता उघडे आहे" वर विसंबू नका, सणाच्या दिवशी आणि पावसाळ्यात ते हमखास चुकतं.

२. समुद्राकाठचं काहीही असेल तर पंचांग काढा

ही पायरी सगळ्यात जास्त लोक गाळतात आणि सगळ्यात जास्त पस्तावतात. शिवडी, ऐरोली, कार्टर रोडची तिवरं, वांद्र्याचे खडक, नवी मुंबईचे पाणथळ तलाव, सगळं भरती-ओहोटीवर चालतं. शिवडीला चिखल उघडा असेल तरच पक्षी, कारण ते चिखलातलंच खातात.

किनाऱ्यावरचे लोक पिढ्यानपिढ्या एक हिशोब करतात, तो शिकून घ्या: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, आणि ओहोटी साधारण सहा तासांनी, म्हणजे बाराच्या सुमारास. चतुर्थीला तीन वाजता भरती. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. पौर्णिमा झाली की कृष्ण पक्षातली प्रतिपदा परत एक धरायची. रोज भरती साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, म्हणून मागच्या रविवारची वेळ या रविवारी वापरायची नाही, आठवड्यात सगळं उलटं झालेलं असतं.

मुंबईत हा हिशोब अर्धा-पाऊण तास, कधी थोडा जास्तही, पुढेमागे होतो. म्हणून अंदाज पंचांगावरून काढायचा आणि आदल्या दिवशी भरतीचं तयार वेळापत्रक बघून पक्का करायचा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी खूप चढतं आणि ओहोटीला खूप लांब जातं. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी कमी चढतं आणि कमी उतरतं.

थांबा: पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरची भरती ज्या दिवशी आहे त्यांची यादी महापालिका आधीच जाहीर करते. त्या दिवशी त्या वेळेला बँडस्टँडचे खडक, वरळी, मरीन ड्राइव्हचा कठडा यांच्याजवळ पोरांना घेऊन जायचंच नाही.

३. ऊन कुठल्या बाजूचं हे ठरवा

मुंबई लांबट आहे, पूर्वेला खाडी आणि बंदर, पश्चिमेला समुद्र. साधी गोष्ट आहे पण फोटो काढणारेसुद्धा विसरतात. शिवडीची जेटी पूर्वेकडे तोंड करून आहे, सकाळी गेलात तर सूर्य थेट डोळ्यात आणि पक्षी सगळे काळे दिसणार, गुलाबी रंग दिसणारच नाही. दुपारी अडीच-तीननंतर ऊन पाठीमागून येतं तेव्हा रंग दिसतो. खाडीच्या पलीकडे नवी मुंबईत, सीवूड्स आणि पाम बीच रोडच्या बाजूला, बरोबर उलटं, तिथे सकाळ चांगली.

जंगलात आणि दाट बागांत मात्र सकाळच. जानेवारीत सूर्य सव्वासाताच्या आसपास उगवतो, जूनच्या सुरुवातीला सहाच्या आसपास, त्यानंतरचे दोन-अडीच तास पक्षी बोलतात, मग गप्प होतात. ऑक्टोबरमध्ये आणि मार्चपासून पुढे साडेदहानंतर बाहेर राहणं म्हणजे नुसता घाम, मुंबईची दमट हवा डोंगरावरच्या उन्हापेक्षा जास्त दमवते.

४. आता जागा निवडा, आणि अर्ध्या दिवसाला एकच

आता कुठे जागा. वार, भरती आणि ऊन हातात असलं की निवड आपोआप होते. सोमवार आला, सकाळ मोकळी आहे, तर मलबार हिल किंवा राणीची बाग. बुधवार आला तर नॅशनल पार्क. दुपारीच वेळ आहे आणि डिसेंबर ते मार्चमधली षष्ठी ते नवमी आहे, तर शिवडी, कारण तेव्हा भरती साधारण साडेचार ते पावणेसातच्या दरम्यान येते आणि चढतं पाणी नेमकं चांगल्या उन्हात मिळतं. धारावी डेपोसमोरचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान (पूर्वी तिथे कचऱ्याचा डेपो होता, आता ३७ एकर झाडी आहे, पाठीमागे मिठी नदी) हे सकाळीच उरका, संध्याकाळी फिरायला जाऊ म्हणाल तर फाटक बंद झालेलं असेल. सायन स्टेशनवरून जवळ पडतं.

नेहमीची चूक: "सकाळी नॅशनल पार्क, दुपारी राणीची बाग, संध्याकाळी हँगिंग गार्डन." हे कागदावरच जमतं. बोरिवली ते भायखळा जाण्यातच दीड तास जातो, दोन्हीकडे अर्धवट बघणं होतं आणि पोरं तिसऱ्या ठिकाणी रडायला लागतात. एका अर्ध्या दिवसाला एक जागा. फारच वाटलं तर शेजारशेजारच्या जोडा, म्हणजे हँगिंग गार्डन, समोरचं कमला नेहरू पार्क आणि निसर्गमार्ग, किंवा माटुंग्याच्या पाच बागा आणि मग दादरला शिवाजी पार्कचा कट्टा.

५. पिशवी

पाणी माणशी एक लिटर तरी, स्टीलच्या बाटलीत, कारण नॅशनल पार्कमध्ये प्लास्टिक तपासतात. टोपी. बूट, चपला चालणार नाहीत. डासांचं मलम, तिवरांजवळ आणि निसर्ग उद्यानात ते लागतंच. थोडी रोख, आतमध्ये नेटवर्क जातं आणि मग यूपीआय अडकतं. मातकट नाहीतर हिरवे कपडे. दुर्बीण असेल तर न्या, नसेल तर पहिल्यांदा घेऊ नका, कोणाची तरी वापरून बघा मग ठरवा.

खाऊ आणलात तर बंद डब्यात. प्लास्टिकची कुरकुरणारी पिशवी हातात दिसली की माकडं येतात, नॅशनल पार्क आणि कान्हेरीला तर हमखास. हातातून हिसकावतात आणि पोरं घाबरतात. त्यांना खायला घालू तर अजिबात नका, तिथली माकडं अंगावर येतात याचं कारण वर्षानुवर्षं लोकांनी घातलेलं खाणंच आहे.

६. नॅशनल पार्क: वर गाडीने, खाली पायी

बोरिवली पूर्वेवरून चालत पंधरा-वीस मिनिटं, किंवा मेट्रोने आलात तर सातव्या मार्गिकेवर "राष्ट्रीय उद्यान" नावाचंच स्टेशन आहे. गेट उघडायच्या वेळेलाच पोचा.

लोक काय करतात, गेटपासून रमतगमत चालायला लागतात, तलाव, बाग, फोटो, आणि कान्हेरीची साधारण सहा किलोमीटरची चढण सुरू होते तोवर साडेदहा वाजलेले असतात, अर्ध्यात दमतात, तिथूनच परत. हे उलटं करा. आधी आतली गाडी धरून थेट कान्हेरीला जा. तिथे पुरातत्त्व खात्याचं तिकीट वेगळं असतं, पार्कच्या तिकिटात ते येत नाही. तीन नंबरचं चैत्यगृह बघून बहुतेक जण मागे फिरतात, तुम्ही फिरू नका, कोरलेल्या पायऱ्यांनी वर जा. वर लेणी शंभराच्या वर आहेत, जागोजागी पाण्याची पोढी (दगडात कोरलेली टाकी) आहेत, आणि माथ्यावरून जंगल आणि त्याच्या मागे इमारती एका नजरेत येतात. दगड अकरानंतर तापतो म्हणून हे सकाळीच.

मग खाली पायी. उतार आहे, दोन्ही बाजूला झाडी आहे, आणि आता घाई नाही. दर किलोमीटरला एकदा थांबा आणि वीस मिनिटं बोलू नका, खरंच वीस मिनिटं, घड्याळ लावून. पहिली पाच-सात मिनिटं काही दिसत नाही. मग तांबट पक्षी ठोकायला लागतो, हळद्या एका झाडावरून दुसऱ्यावर जातो, राखी धनेश दिसू शकतो, पावसानंतरच्या दिवसांत नीलवंत फुलपाखरू (आपलं राज्य फुलपाखरू) रस्त्यावर उतरतं. चालत राहणाऱ्याला यातलं अर्धंही दिसत नाही, हे मी खात्रीने सांगते.

शिलोंड्यासारख्या आतल्या वाटा स्वतःच्या मनाने धरायच्या नाहीत. पार्कचं निसर्ग माहिती केंद्र आहे, तिथे विचारून, त्यांच्या माणसाबरोबरच जायचं. वाटेतल्या पायवाटा दिसतात सोप्या पण आत फाटे फुटतात.

थांबा: या जंगलात आणि आजूबाजूला पन्नासच्या आसपास बिबळे आहेत. दिवसा रस्त्यावर चालणाऱ्या गटाला ते टाळतात, पण लहान मूल एकटं मागेपुढे सोडायचं नाही, झुडपाआड एकट्याने बसायला जायचं नाही आणि चारच्या पुढे पायी उतरायला सुरुवात करायची नाही. वर गेल्यागेल्याच परतीची शेवटची गाडी किती वाजता ते विचारून ठेवा, कोणाचा पाय मुरगळला तर तीच लागते.

७. राणीची बाग: प्राणी आधी, झाडं मग

तिकीट ऑनलाइन काढा, रविवारी खिडकीवरची रांग उन्हात उभी असते. उघडताना आत शिरलात तर सरळ पेंग्विन आणि वाघ, कारण सकाळी प्राणी हालचाल करतात आणि गर्दी अकरानंतर वाढते. ते उरकलं की बहुतेक लोक बाहेर पडतात आणि मला याचंच वाईट वाटतं, कारण ही मुळात वनस्पती उद्यान म्हणून लावलेली बाग आहे आणि शहरातली जुनी, दुर्मिळ झाडं इथे एकाच कुंपणात आहेत. दुपारची सावलीही इथेच.

झाडं बघायची पद्धत अशी: सगळी ओळखायला जाऊ नका. एका खेपेला पाच झाडं. गोरखचिंच, तिचं पिंपासारखं खोड पोरं लांबून ओळखतात. कैलासपती, याची फुलं फांदीवर येत नाहीत, खोडातूनच निघालेल्या दोरांवर येतात, म्हणून वर नका बघू, खोडाकडे बघा. उर्वशी, हिवाळा संपता संपता फुलते, लाल फुलांचे घोस लोंबतात. सीताअशोक, म्हणजे खरा अशोक, आपल्या सोसायटीतला उंच सरळ तो आसुपालव, दोन्ही शेजारी ठेवून पोरांना दाखवा. पाचवं तुमच्या आवडीचं. पानाचा फोटो, खोडाचा फोटो, पूर्ण झाडाचा फोटो, असे तीन काढा, नुसत्या फुलाच्या फोटोवरून घरी येऊन काही ओळखता येत नाही. पान तोडायचं नाही, खाली पडलेलं उचला.

बाकी शहरात झाडांसाठी वेगळं जायची गरज नाही, महिना धरला की झालं. फेब्रुवारी-मार्चला काटेसावर, पांगारा, पळस. मार्चपासून सोनमोहर, त्याच्याखाली फूटपाथ पिवळा होतो. एप्रिल-मेला बहावा, ताम्हण, गुलमोहर. ऑक्टोबर-नोव्हेंबरला रात्री सप्तपर्णीचा वास. माटुंगा, दादर, फोर्टच्या जुन्या रस्त्यांवर यातलं बरंच चालता चालता मिळतं.

८. शिवडी: भरतीच्या अडीच-तीन तास आधी

पूर्ण ओहोटीला पोचलात तर पक्षी चिखलात पार लांब असतात, दुर्बिणीतूनसुद्धा ठिपके. पूर्ण भरतीला पोचलात तर चिखल बुडालेला आणि पक्षी उडून गेलेले. मधला काळ हवा. पाणी चढायला लागलं की ते खात खात काठाकडे सरकतात, म्हणून भरतीच्या अडीच-तीन तास आधी जेटीवर हजर राहा आणि पाणी येईपर्यंत हलू नका.

स्टेशनच्या पूर्वेला उतरून जेटी चालत वीसेक मिनिटं. रस्त्यावर ट्रक आणि धूळ, सावली नाही, टॉयलेटची सोय धरून चालू नका, म्हणून स्टेशनवरच उरका. आता तिथूनच अटल सेतू निघतो, त्यामुळे जुन्या फोटोंतलं मोकळं दृश्य शोधू नका, पक्षी पुलाच्या आजूबाजूला पसरून दिसतात. रोहित म्हणजेच फ्लेमिंगो, त्यात छोटा रोहित जास्त आणि गडद गुलाबी, मोठा रोहित कमी, उंच आणि फिकट. बरोबर तुतारी, वंचक असे दुसरे पक्षी आणि बगळे असतात, त्यांनाही बघा.

शिवडीला भरती चुकली, म्हणजे पाणी भरलंय, तर निराश होऊन घरी नका जाऊ. चिखल बुडाला की फ्लेमिंगो नवी मुंबईतल्या पाणथळ जागी विसाव्याला जातात, सीवूड्सचा डीपीएस तलाव, नेरुळचा टीएस चाणक्यचा (जहाजावरच्या अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षण संस्थेचा) भाग. म्हणून भरतीला सीवूड्स, पाणी चढताना शिवडी, एवढं एक वाक्य फोनमध्ये लिहून ठेवा. येतात साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून, मेपर्यंत असतात, पण जास्त संख्या बघायची तर जानेवारीनंतर.

थांबा: जेटीवरून चिखलात पाय टाकायचा नाही, जवळून फोटोसाठी तर मुळीच नाही. वरून घट्ट दिसतो, मांडीपर्यंत आत जातो, शंख-शिंपल्यांनी पाय कापतो, आणि पक्षी उडतात ते वेगळंच. ड्रोन नको, टाळ्या वाजवून उडवणं नको. कोणी करत असेल तर तिथल्या तिथे सांगा.

तिवरं जवळून बघायची तर त्यासाठी ओहोटी धरा. चिखलातून वर आलेली पेन्सिलीएवढी श्वसनमुळं तेव्हाच दिसतात, भरतीला झाड नुसतं पाण्यात उभं असतं. कार्टर रोडला फूटपाथवरून हे दिसतं, खाली उतरावं लागत नाही. आपल्या राज्याचं कांदळवन (म्हणजे तिवरांमधलं) झाड पांढरी चिपी आहे, ती खाडीच्या तोंडाशी, खाऱ्या पाण्याच्या बाजूला शोधा.

९. पावसाळ्यात काय

नॅशनल पार्कच्या आतल्या काही वाटा पावसात बंद ठेवतात, आणि ओढ्यात उतरायला मनाई असते. कान्हेरीच्या ओढ्याला पाणी बघता बघता वाढतं, वर डोंगरात पाऊस पडला की खाली ऊन असतानाही. शेवाळलेल्या पायऱ्यांवर वयस्कर मंडळींना नेऊ नका. रविवारी तर तिकडे जाऊच नका, धबधब्याच्या नावाने इतकी गर्दी होते की जंगल दिसत नाही. आठवड्याच्या मधल्या दिवशी, पाऊस थोडा उघडला की सकाळीच जा.

कारवी (डोंगरउतारावरचं झुडूप) मात्र वेगळी गोष्ट. ती साधारण आठ वर्षांनी एकदाच फुलते, इथे २०१६ ला फुलली, मग २०२४ ला, म्हणजे पुढची मोठी बहर २०३२ च्या सुमारास. "यंदा कारवी फुललीय" असे जुने फोटो दर सप्टेंबरला फिरतात, ते बघून निघू नका, वर्ष मोजा.

जून-जुलैला मला विचाराल तर राणीची बाग आणि निसर्ग उद्यान. दोन्हीकडे छत्री घेऊन फिरता येतं, वाटा बांधलेल्या आहेत, गर्दी कमी, आणि पाऊस जोरात आला तर आडोसा मिळतो. बूट मात्र रबरी तळाचे घाला आणि सुके मोजे पिशवीत ठेवा.